इंद्र वाटेतून परत फिरतो

छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात इंद्राची एक कथा आहे. पुराणांतला, सिंहासनासाठी धास्तावलेला इंद्र वेगळा. हा विद्यार्थी आहे, आणि शंका घेण्याची त्याची रीत मला फार प्रिय आहे. प्रजापतीने सांगून ठेवलेले असते की ज्याला पाप शिवत नाही, म्हातारपण नाही, मरण नाही, शोक नाही, भूक-तहान नाही असा एक आत्मा आहे. त्याचा शोध घ्यावा, त्याला जाणून घ्यावे. हे देवांच्याही कानी जाते आणि असुरांच्याही. देवांकडून इंद्र निघतो, असुरांकडून विरोचन. एकमेकांना न सांगताच दोघे हातात समिधा घेऊन प्रजापतीच्या दारी येतात आणि 32 वर्षे ब्रह्मचर्याने राहतात. तेवढी वर्षे लोटल्यावर प्रजापती विचारतो, काय हवे म्हणून राहिलात?

पहिले उत्तर सोपे मिळते. पाणी भरलेल्या परळात पाहा. दोघे पाहतात, केसांपासून नखांपर्यंत आपले रूप दिसते. आता चांगले कपडे-दागिने घालून या आणि पुन्हा पाहा. पुन्हा पाहतात, नटलेले रूप दिसते. हाच आत्मा, हाच अमृत, हाच अभय, असे प्रजापती म्हणतो आणि दोघे शांत मनाने घरी निघतात. विरोचन घरी पोचतो आणि असुरांना सांगतो की शरीर हाच आत्मा, त्याचीच पूजा करा. इंद्र पोचत नाही. देवांच्या गावी जाण्याआधीच वाटेत त्याला भीती वाटते. शरीर नटले की हा नटतो, मग शरीर आंधळे झाले की हाही आंधळा होणार, शरीर लंगडे झाले की लंगडा, आणि शरीर गेले की हाही गेला. ‘नाहमत्र भोग्यं पश्यामि’, मला यात काही लाभ दिसत नाही, असे म्हणून तो समिधा घेऊन परत येतो.

आणखी 32 वर्षे. या वेळी उत्तर येते की स्वप्नात जो मोकळा हिंडतो तो आत्मा. इंद्र पुन्हा निघतो, पुन्हा वाटेत थबकतो. शरीर आंधळे झाले तरी स्वप्नातला हा आंधळा होत नाही, हे खरे. पण स्वप्नातही कुणी तरी मारायला धावते, पाठलाग होतो, माणूस रडतोही. मला यात काही लाभ दिसत नाही. परत. पुन्हा 32 वर्षे. तिसरे उत्तर गाढ झोपेचे. जिथे स्वप्नही पडत नाही, सगळे निवलेले असते, तो आत्मा. इथे कुणीही समाधान मानले असते. मृत्यू नाही, भय नाही, शोक नाही, सगळ्या अटी पुऱ्या होतात. इंद्र निघतो आणि तिसऱ्यांदा वाटेतून परत फिरतो. त्या अवस्थेत ‘हा मी’ असे त्याला स्वतःचे भान नसते, भोवतीच्या कुणाचेही नसते. तो जणू नाहीसाच झालेला असतो. मला यात काही लाभ दिसत नाही.

प्रजापती त्याला एकदाही रागावत नाही. प्रत्येक वेळी म्हणतो, असेच आहे, मघवन (म्हणजे इंद्रा). शिष्याची शंका गुरूला मान्य आहे. तिसऱ्या शंकेनंतर फक्त 5 वर्षे राहायला सांगतो आणि मग शेवटचे सांगतो. एकंदर 101 वर्षे झाली, असा हिशेब उपनिषद स्वतःच देते.

त्या झोपेवर आपल्याकडे शतकानुशतके वाद झाला आहे, आणि तो नुसता पंडितांचा वाद नाही. सकाळी उठून आपण सहज म्हणतो, काय छान झोप लागली, काही कळलेच नाही. अद्वैती विचारतो, काही कळले नाही हे तुला कुणी सांगितले? आठवण अनुभवाचीच होते. म्हणजे मन नव्हते, विषय नव्हते, तरी ते ‘काही नसणे’ ज्याला उजळून दिसत होते असा साक्षी तिथे जागा होता. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी जनक राजाला हेच सांगतो. झोपेत तो पाहत नाही असे वाटते खरे, पण पाहणाऱ्याची दृष्टी कधी लोपत नाही. त्याच्याहून वेगळे असे पाहण्याजोगे तिथे दुसरे काही नसते, एवढेच. पतंजली तर झोपेलाही चित्ताची एक वृत्तीच मानतो. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांना, हे पटत नाही. ते म्हणतात की ही आठवण नव्हेच, हे अनुमान आहे. अंग हलके झाले आहे, ऊन वर आले आहे, मधला वेळ आठवत नाही, म्हणून झोपलो होतो असे आपण ठरवतो. त्यांच्या मते जाणीव हा आत्म्याचा सदाचा स्वभावच नाही. मनाचा आत्म्याशी योग असतो तोवर ती उपजते, योग सुटला की मावळते. त्यामुळे त्यांच्या मोक्षातही जाणीव उरत नाही. त्यांच्याच जोडीच्या वैशेषिक दर्शनाच्या तसल्या मोक्षापेक्षा वृंदावनात कोल्हा होऊन राहिलेले बरे, असे भक्तांनी यावर सुनावून ठेवले आहे.

काही वर्षांपूर्वी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी मला भूल दिली. ईथर देऊन केलेल्या शस्त्रक्रियेचे पहिले गाजलेले प्रात्यक्षिक बोस्टनमध्ये 16 ऑक्टोबर 1846 रोजी झाले. तेव्हापासून माणसाला हा एक अनुभव मिळाला आहे, जो उपनिषदकारांच्या वाट्याला आलेला नव्हता. त्यातून बाहेर आल्यावर छान झोप लागली असे वाटत नाही. मधला काळ कापून काढलेला असतो. भूलतज्ज्ञ बाई बोलत होत्या, आणि त्यांच्या पुढच्या शब्दाच्या जागी एकदम दुसऱ्याच खोलीतली नर्स बोलत होती. त्या दिवशी नैयायिकांचे म्हणणे मला पहिल्यांदा अंगात भिनल्यासारखे कळले. तरी माझा कौल अखेर साक्षीच्या बाजूने पडतो. त्याचे कारण कुठल्या ग्रंथात सापडलेले नाही. ते माझ्या आत्याने दिले.

आत्या कराडला राहायची. आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. भाजीवालीचा हिशेब तिच्या आधी हिची जीभ करायची. सत्तरी ओलांडल्यावर आधी किल्ल्या हरवू लागल्या, मग पदार्थ गॅसवर राहू लागले, मग बाजारातून घरी यायची वाट. अल्झायमर, असे डॉक्टरांनी सांगितले. ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो त्या आलोइस अल्झायमर यांनी 1906 मध्ये ट्यूबिंगेन इथल्या सभेत ज्या रुग्णेची माहिती मांडली, ती ऑगस्ट डेटर. फ्रँकफर्टच्या रुग्णालयात तिला नाव लिहायला सांगितले की ती अडखळायची, आणि म्हणायची, मी स्वतःला हरवून बसले आहे. हे वाक्य मी वाचले तेव्हा आत्या तिसऱ्या-चौथ्या वर्षात होती. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या बाईने एका वाक्यात ‘मी’ दोनदा आणला होता, एक हरवलेली आणि एक हरवल्याचे सांगणारी. सांगणारी कोण होती, हा प्रश्न मग माझ्या डोक्यातून गेला नाही.

या आजारात आठवणी उलट्या वाटेने जातात. आज सकाळचे आधी जाते, लहानपणचे उशिरा. आत्याला नवरा गेल्याचे आठवेना; त्यांच्या येण्याची ती वाट पाहू लागली. मग मी तिचा भाचा राहिलो नाही, मी अण्णा झालो, म्हणजे माझे वडील, तिचा थोरला भाऊ. मला ती “अण्णा, आईनं हाक मारली का रे?” असे विचारायची. संध्याकाळ झाली की अस्वस्थ व्हायची आणि म्हणायची, चल, घरी जाऊ. ती तिच्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर बसलेली असायची. गणित गेले, अंक गेले, जेवलो की नाही हे गेले. पण कापूस पुढे ठेवला की हात वाती वळायचे, एकसारख्या, टोकदार. आणि ‘देवाचिये द्वारी उभा क्षणभरी’ एवढे आपण म्हटले की ती पुढचे ‘तेणें मुक्ति चारी साधियेल्या’ न अडखळता म्हणायची. हातांची सवय आणि घोकलेले पाठ मेंदूत वेगळ्या वाटांनी साठतात, म्हणून ते उशिरापर्यंत टिकतात, हे शास्त्र मला ठाऊक आहे. ते मला पटतेही.

याच काळात घरी येणारे लोक एक वाक्य बोलायचे. “ती आता ती राहिलेलीच नाही.” हळहळून बोलायचे, कुणाच्या मनात वाईट नसायचे. पण तिच्यासमोर बोलायचे, तिच्या डोक्यावरून, जणू पलंगावर कुणी बसलेलेच नाही. आणि मला दिसायचे की आवाज चढला की ती पदराचे टोक बोटांना गुंडाळते आहे. वाक्याचा अर्थ तिला कळत नव्हता. पण ते बोलणे कुणाला तरी बोचत होते.

बृहदारण्यकात काशीच्या अजातशत्रू राजाची गोष्ट आहे. गार्ग्य नावाचा विद्वान त्याला ब्रह्म शिकवायला येतो. सूर्यातला पुरुष, चंद्रातला पुरुष, विजेतला, आरशातला, असे एकेक सांगत जातो आणि गप्प होतो. तेव्हा राजा त्याचा हात धरून त्याला एका झोपलेल्या माणसापाशी नेतो. त्याला मोठमोठ्या नावांनी हाक मारतो. माणूस उठत नाही. मग राजा त्याला हाताने हलवतो, आणि तो उठतो. राजा विचारतो, हा झोपला होता तेव्हा हा जाणणारा कुठे होता आणि आता कुठून आला? गार्ग्याला सांगता येत नाही.

पुढे भाष्यकारांनी यातून बरेच काढले आहे. मला त्यातली साधी घटनाच पुरते. नावाने जो उठला नाही तो स्पर्शाने उठला. आत्या शेवटच्या वर्षात स्वतःच्या नावाला ओ देत नव्हती. लग्नाआधीचे नाव, सासरचे नाव, ‘बाई’ ही शाळेतली हाक, सगळे करून पाहिले. पण तळहात तिच्या तळहातावर ठेवला की बोटे मिटायची. हात गार असला तर आक्रसायची, आणि आपण हात चोळून ऊबदार करून पुन्हा ठेवला की सैल व्हायची. गार-गरम कुणाला तरी लागत होते. ती कोण आहे हे तिला माहीत नव्हते. तिला लागत होते, हे मात्र पक्के होते. तुमचे नाव, गाव, व्यवसाय, नातीगोती, आवडीनिवडी आणि सगळा जीवनपट काढून घेतल्यावर जे शिल्लक राहते त्याला आपल्या परंपरेने आत्मा म्हटले, असे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. ते असे पलंगाच्या कडेला बसून पाहायला मिळेल असे कधी वाटले नव्हते.

ज्ञानेश्वरीतली दुसऱ्या अध्यायातली एक ओवी दहाव्या-बाराव्याला हमखास म्हटली जाते. ‘जैसें जीर्ण वस्त्र सांडिजे । मग नूतन वेढिजे । तैसें देहांतरातें स्वीकारिजे । चैतन्यनाथें ॥’ ओवी सुंदरच आहे. पण आत्याचा आजार पाहताना त्या ओवीने मला बराच काळ साथ दिली नाही. आत्याच्या बाबतीत वस्त्र शाबूत होते; हृदय ठणठणीत, रक्तदाब माझ्याहून बरा. विरत चालले होते ते वस्त्र नेसणारे माणूस, असेच दिसत होते.

वेदान्ताचे यावरचे उत्तर मला उशिरा उलगडले, आणि ते कठोर आहे. तुला जे नेसणारे माणूस वाटते तेही वस्त्रच आहे. मन, बुद्धी, चित्त, अहंकार मिळून अंतःकरण होते, आणि ते जड आहे, शरीराइतकेच. आठवण तिथली. ‘मी अमक्याची मुलगी, मी गणिताची बाई’ हेही तिथलेच. ते दिसते, बदलते, झिजते, म्हणून ते पाहणारा नव्हे. मेंदूच्या पेशी मेल्या की आठवण मरते, यात वेदान्ताला धक्का बसण्याजोगे काही नाही. अहंकारालाही ज्याने दृश्याच्या बाजूला ठेवले, त्याची मांडणी स्मृती गेल्याने कशी कोसळेल? आत्मा म्हणजे माझ्या आठवणींचे गाठोडे घेऊन पुढे जाणारा कुणी प्रवासी, अशी जी आपली घरगुती समजूत असते तिच्यापेक्षा ही मांडणी फार निराळी आहे.

मला यातून एक गोष्ट फार निकडीची वाटते. आत्मा अमर आहे हे वाक्य आपण मेलेल्या माणसाच्या घरी बोलतो, ज्याला ते ऐकू येत नाही अशासाठी. ते खरे तर आधी बोलायला हवे, आत्यासारख्या माणसाच्या खोलीत शिरताना, मनाशी. तिथे या विचाराची कसोटी लागते. आठवण हाच माणूस असेल, तर आठवण गेलेल्या माणसाच्या देखत काहीही बोलावे, त्याला कसेही उचलावे, अंघोळीचे पाणी कसेही ओतावे; तिथे कुणी नाहीच. पण जाणणारा आठवणीहून वेगळा असेल, तर तो अजून तिथे आहे, पुरताच्या पुरता, आणि पाणी आधी आपल्या मनगटावर पाहूनच ओतले पाहिजे. तिला सांभाळायला येणाऱ्या बाईंना हे कुणी शिकवले नव्हते. त्या प्रत्येक गोष्ट करण्याआधी तिला सांगायच्या. “आजी, आता कूस वळवते हं.” दोन वर्षे, दिवसातून कितीतरी वेळा, उत्तराची वाट न पाहता. अद्वैतावरचे कितीतरी व्याख्याते मी ऐकले आहेत. साक्षीला इतके गृहीत धरून चालणारे माणूस त्यांच्यात मला आढळले नाही.

एवढे मानूनही इंद्राची तिसरी शंका माझ्याजवळ उरतेच. साक्षी राहिला, ठीक. पण मला साक्षी आवडत नव्हता, मला आत्या आवडत होती. भाजीवालीला “बाई, साडेबारा रुपये जास्त घेतलेस” म्हणणारी, निकालाच्या दिवशी मला आधी गणिताचे गुण विचारणारी. तिच्यातले जे अविनाशी आहे ते तुमच्यात, माझ्यात, मुंगीतही तेच आहे म्हणतात. मग ‘ती’ कुठे गेली? रामानुजांनी ही कळ ओळखली होती. अद्वैताला उत्तर देताना श्रीभाष्यात ते म्हणतात की मोक्ष म्हणजे ‘मी’चा नाश, असे कुणाला कळले तर तो मोक्षाच्या गोष्टीचा वास आला तरी पळून जाईल. त्यांच्या मते ‘मी’ हाच आत्मा. अहंकार वेगळा, तो जाईल, पण ‘मी’ झोपेतही जात नाही आणि मुक्तीतही. प्रजापतीच्या शेवटच्या उपदेशातही हीच ओढ मला दिसते. शरीरातून उठलेला तो प्रसन्न जीव परम ज्योतीला मिळून आपल्या मूळ रूपात प्रकटतो, असे सांगून तो थांबत नाही. तो जीव तिथे हसतो, खेळतो, रमतो, असे म्हणतो, आणि कुणाबरोबर याच्या यादीत आप्तही आहेत. मागे राहिलेले शरीर त्याला आठवत नाही. या ओळीचा अर्थ लावताना आचार्यांचे मतभेद आहेत. मी ती ओळ जशी आहे तशी पुष्कळदा वाचली आहे, आणि ‘आप्तांसह’ या शब्दापाशी दर वेळी थांबलो आहे.

पण ज्या संवादाकडे मी पुन्हा पुन्हा जातो तो मैत्रेयीचा. याज्ञवल्क्य घर सोडून निघाला आहे. कात्यायनी आणि मैत्रेयी या दोघी बायकांत मालमत्तेची वाटणी करून द्यावी असे त्याच्या मनात आहे. मैत्रेयी विचारते, धनाने भरलेली सगळी पृथ्वी माझी झाली तरी मी अमर होईन का? नाही म्हटल्यावर म्हणते, ज्याने मी अमर होणार नाही ते घेऊन काय करू? हा भाग सगळ्यांना माहीत असतो. पुढचा भाग कमी सांगितला जातो. निघालेला नवरा बायकोला सांगतो की नवऱ्यासाठी नवरा प्रिय होत नाही, आत्म्यासाठी होतो. बायकोसाठी बायको प्रिय होत नाही, मुलांसाठी मुले प्रिय होत नाहीत. मिठाचा खडा पाण्यात विरतो, वेगळा काढता येत नाही, आणि कुठूनही घोट घेतला तरी खारटच, तसे हे महद्भूत, हे अपार अस्तित्व. या भूतांतून ते उठते आणि त्यांच्याच मागोमाग विरते. मेल्यावर संज्ञा उरत नाही.

इथे मैत्रेयी त्याला थांबवते. अमरत्व मागायला बसलेल्या बाईला सांगितले जाते की मेल्यावर भान नाही. ही कथा बृहदारण्यकात दोन ठिकाणी आली आहे, आणि दोन्ही ठिकाणी तिचा हा आक्षेप जपलेला आहे. चौथ्या अध्यायात ती म्हणते, इथेच तुम्ही मला पुरत्या गोंधळात टाकलेत, मला हे कळत नाही. इंद्राला परत फिरायला वाट होती, पुढे अजून 5 वर्षे होती. हिच्या समोरचा गुरू निघायच्या तयारीत आहे.

याज्ञवल्क्य म्हणतो, मी गोंधळाचे काही बोलत नाही, हा आत्मा अविनाशीच आहे. जिथे दोन असल्यासारखे असते तिथे एक दुसऱ्याला पाहतो, एक दुसऱ्याशी बोलतो, एक दुसऱ्याला स्पर्श करतो. जिथे सारे आत्माच झाले तिथे कशाने कुणाला पाहावे, कशाने कुणाला स्पर्श करावा? जाणणाऱ्याला कशाने जाणावे? झाले, मैत्रेयी, अमृतत्व ते एवढेच. आणि तो निघून गेला.

मैत्रेयीला ते पटले की नाही, हे उपनिषद लिहीत नाही. भाष्यकारही तिथे तिच्यापाशी थांबत नाहीत. ते त्याच्या संन्यासाकडे वळतात. मला वाटते, तिला कळले असावे आणि पुरले नसावे. स्पर्शाचे नाव त्याने दोनदा घेतले होते, एकदा दोन असतात तेव्हाचे आणि एकदा नसतात तेव्हाचे, आणि ते ऐकताना ती त्याच्यासमोरच बसलेली होती.